रॅमबस विरुद्ध डीडीआर: मेमरीची चढाओढ आणि शेअरधारकांचा पैसा

संगणकाचा प्रोसेसर कितीही वेगवान असला, तरी त्याला हवी असलेली माहिती मेमरीतून वेळेवर आली नाही तर तो नुसता ताटकळत राहतो. १९९० च्या दशकात ही अडचण दर वर्षी वाढत गेली. प्रोसेसरचा वेग झपाट्याने वाढत होता, पण मेमरीची माहिती पुरवण्याची गती त्या मानाने रेंगाळली होती. संगणकाची मुख्य मेमरी म्हणजे डीरॅम. तिच्यात माहितीचा प्रत्येक अंश एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठवला जातो. हा भार सतत गळत असतो, म्हणून तो सेकंदातून अनेकदा पुन्हा भरावा लागतो. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये या रचनेचे पेटंट मिळाले. पुढच्या तीस वर्षांत एका चिपवर मावणारी माहिती हजारो पटींनी वाढली, तिच्यातून माहिती बाहेर काढण्याचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. ही कोंडी फोडण्यासाठी दोन तंत्रे पुढे आली. एकाच्या मागे रॅमबस ही छोटी अमेरिकी कंपनी आणि तिला साथ देणारी बलाढ्य इंटेल होती. दुसऱ्याच्या मागे जगातले बहुतेक मेमरी उत्पादक होते. या चढाओढीत कोट्यवधी डॉलरचे शेअर वर गेले आणि कोसळले, आणि तिचे पडसाद न्यायालयांत २०१३ पर्यंत उमटत राहिले.

रॅमबसची स्थापना १९९० मध्ये कॅलिफोर्नियात माइक फार्मवॉल्ड आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक मार्क होरोविट्झ यांनी केली. त्यांची कल्पना समजण्यासाठी रस्त्याचे उदाहरण सोयीचे आहे. त्या काळची नेहमीची मेमरी, म्हणजे एसडीरॅम, ही ६४ पदरी रुंद रस्त्यासारखी होती. एका ठोक्याला ६४ अंश एकदम जात, पण ठोके सेकंदाला १० कोटीच, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. हिशेब केला तर सेकंदाला ८० कोटी बाइट. रॅमबसने रस्ता अरुंद करून १६ पदरांवर आणला, मात्र त्यावरची वाहतूक कमालीची वेगवान केली. ४०० मेगाहर्ट्झचा ठोका, आणि ठोका चढताना एकदा व उतरताना एकदा अशी दोनदा माहितीची ने-आण. त्यातून सेकंदाला १६० कोटी बाइट मिळत. तारा कमी, म्हणून बोर्डवरची जागाही कमी. १९९६ मध्ये आलेल्या निन्टेन्डो ६४ या खेळयंत्रात याच पद्धतीचे आधीचे रूप वापरले होते. कल्पना खरोखर चांगली होती आणि तिच्यामागचे अभियंते आपल्या क्षेत्रात पारंगत होते, हे पुढच्या सगळ्या वादातही नाकारता येत नाही.

तिच्या अडचणी प्रत्यक्ष वापरात दिसू लागल्या. इतक्या वेगाने चालणाऱ्या चिपा तापत, म्हणून त्यांच्यावर उष्णता पसरवणारे धातूचे आवरण चढवावे लागे. संकेत एका चिपमधून दुसऱ्या चिपकडे रांगेने जात असल्याने बोर्डवरचा एकही खाचा रिकामा ठेवता येत नसे. तिथे मेमरी नसली तरी नुसती जोडणी पूर्ण करणारी पट्टी बसवावी लागे. मागणी केल्यापासून माहितीचा पहिला अंश हाती येईपर्यंतचा विलंबही जास्त होता. उत्पादकांच्या दृष्टीने सर्वात जाचक गोष्ट वेगळी होती. चिपचा आकार मोठा, चाचणीची यंत्रे नवी व महाग, आणि एवढे सगळे करून झाल्यावर प्रत्येक चिपमागे रॅमबसला रॉयल्टी.

याउलट डीडीआर हा जुन्या एसडीरॅमचाच सुधारलेला अवतार होता. रस्ता ६४ पदरीच ठेवला, फक्त ठोक्याच्या दोन्ही टोकांना माहिती पाठवली. १३३ मेगाहर्ट्झवर ही मेमरी सेकंदाला सुमारे २१० कोटी बाइट देत असे. कारखाने तेच, यंत्रे बहुतेक तीच, कामगारांचे कौशल्य तेच. जेडेक या उद्योगसंस्थेत सगळ्या कंपन्यांनी एकत्र बसून त्याचा आराखडा ठरवला आणि जून २००० मध्ये तो मानक म्हणून प्रसिद्ध झाला. मेमरी हा असा धंदा आहे की एका कंपनीची चिप काढून दुसऱ्या कंपनीची बसवली तरी ग्राहकाला फरक कळत नाही. अशा धंद्यात नफा पै-पैच्या बचतीतून निघतो. ज्या तंत्रात खर्च वाढतो आणि वर परक्याला हिस्सा द्यावा लागतो, ते कितीही वेगवान असले तरी उत्पादक त्याला मनापासून साथ देत नाहीत. शेअरबाजाराने नेमकी हीच गोष्ट लक्षात घेतली नाही.

बाजाराचे लक्ष इंटेलकडे होते. १९९६ च्या अखेरीस इंटेलने रॅमबसशी करार केला आणि आपल्या पुढच्या संगणकांची मेमरी हीच असेल असे ठरवले. संगणकातले बहुसंख्य प्रोसेसर इंटेलचे, म्हणजे इंटेल जिकडे जाईल तिकडे उद्योग जाईल, असा सर्वसाधारण समज होता. करारात इंटेललाही मोठे आमिष होते. रॅमबसचे १० लाख शेअर प्रत्येकी १० डॉलरला विकत घेण्याचा हक्क तिला मिळणार होता, आणि त्याची अट अशी की इंटेलच्या एकूण चिपसेटपैकी किमान २० टक्के सलग दोन तिमाहींत रॅमबसला जुळणारे असावेत. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधली देवाणघेवाण सांभाळणाऱ्या चिपांच्या संचाला चिपसेट म्हणतात. कोणती मेमरी चालेल हे तोच ठरवतो. उत्पादकांना राजी करण्यासाठी इंटेलने पैसाही ओतला. १९९८ मध्ये मायक्रॉनमध्ये ५० कोटी डॉलर आणि पाठोपाठ सॅमसंगमध्ये १० कोटी डॉलर गुंतवले.

मे १९९७ मध्ये रॅमबसचे शेअर प्रत्येकी १२ डॉलरला विक्रीस आले आणि पहिल्याच दिवशी भाव दुपटीहून वर गेला. गुंतवणूकदारांना भुरळ पडण्यासारखे त्या कंपनीत बरेच काही होते. तिचा एकही कारखाना नव्हता. ती चिप बनवत नव्हती, चिप बनवण्याचा आराखडा भाड्याने देत होती. कारखान्याचा खर्च, मालाचा साठा, भाव पडण्याची भीती हे सगळे दुसऱ्यांच्या डोक्यावर आणि विक्रीतला टक्का-दोन टक्के हिस्सा रॅमबसकडे. जगातली डीरॅमची वार्षिक उलाढाल हजारो कोटी डॉलरची होती. तिचा लहानसा हिस्सा जवळपास खर्चाविना मिळत राहिला, तर मूठभर अभियंत्यांची ही कंपनी केवढी मोलाची ठरेल, हा हिशेब कोणालाही कागदावर मांडता येत असे. हिशेबाच्या तळाशी मात्र एक गृहीत होते. ज्यांनी पैसे द्यायचे, ते उत्पादक खुशीने देतील, असे ते गृहीत होते.

पहिला मोठा धक्का सप्टेंबर १९९९ मध्ये बसला. रॅमबस मेमरीसाठी तयार केलेला इंटेलचा ८२० हा चिपसेट बाजारात येण्याच्या काही दिवस आधी त्यात दोष सापडला. तीन खाचे असलेल्या बोर्डवर मेमरी भरवशाने चालत नव्हती. संगणक कंपन्यांनी तयार करून ठेवलेले बोर्ड अडकून पडले आणि चिपसेट नोव्हेंबरमध्ये दोनच खाच्यांसह बाजारात आणावा लागला. रॅमबस मेमरी त्या वेळी साध्या मेमरीच्या काही पट महाग होती, म्हणून त्याच चिपसेटवर स्वस्त मेमरी चालावी यासाठी इंटेलने एक दुभाषी चिप बनवली. तीही सदोष निघाली आणि मे २००० मध्ये दहा लाखांच्या घरातले बोर्ड बदलून देण्याची पाळी आली. शिवाय जो वेग विकत घेण्यासाठी ग्राहकाने जादा पैसे मोजायचे, तो त्याच्या हाती लागतच नव्हता. पेंटियम ३ ची प्रोसेसरकडे जाणारी वाटच सेकंदाला सुमारे १०६ कोटी बाइटची होती. मेमरीने १६० कोटी बाइट दिले तरी जादाचे वाया जात. दरम्यान तैवानच्या व्हिया आणि अमेरिकेच्या एएमडी या कंपन्यांनी स्वस्त मेमरीवर चालणारे चिपसेट आणले. इंटेल जाईल तिकडे उद्योग जाईल, हा समज प्रथमच डळमळला.

तरीही याच काळात रॅमबसचा शेअर सर्वात उंच गेला. मार्च २००० मध्ये तो ४०० डॉलरच्या वर होता, म्हणजे तीन वर्षांपूर्वीच्या किमतीच्या तिसाहून अधिक पट. जूनमध्ये कंपनीने एका शेअरचे चार केले आणि त्यानंतरही भाव काही काळ १०० डॉलरच्या पुढे राहिला. तो काळ तंत्रज्ञानाच्या शेअरांना आलेल्या उधाणाचा होता, पण तेवढे एकच कारण नव्हते. आणखी एक गोष्ट घडली होती. जानेवारी २००० मध्ये रॅमबसने हिताची कंपनीवर दावा लावला. एसडीरॅम आणि डीडीआर यांतही आपल्याच १९९० च्या अर्जातून निघालेल्या पेटंटांचा वापर होतो, असे तिचे म्हणणे होते. जूनमध्ये तोशिबाने परवाना घेतला, हिताचीनेही तडजोड केली. नंतर सॅमसंग, एनईसी आणि इतर काही कंपन्या तयार झाल्या. डीडीआरवर मागितलेली रॉयल्टी रॅमबसच्या स्वतःच्या मेमरीवरील रॉयल्टीपेक्षाही जास्त होती. गुंतवणूकदारांनी यातून काढलेला निष्कर्ष वरवर बिनतोड होता: शर्यत कोणीही जिंको, पैसे रॅमबसलाच मिळणार.

शेअरचे स्वरूपच इथे बदलले, आणि या सगळ्या कहाणीत लहान गुंतवणूकदारांच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा क्षण हाच आहे. आतापर्यंत शेअर घेणारा माणूस एका तंत्रावर पैसे लावत होता. त्याचा वेग मोजता येत होता, त्यावरचे संगणक दुकानात दिसत होते, विक्रीचे आकडे दर तिमाहीला येत होते. यापुढे तो एका कायदेशीर दाव्यावर पैसे लावणार होता, आणि दाव्याची किंमत ठरवण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नव्हते. न्यायाधीश एका वाक्याचा अर्थ कसा लावतील, हे कोणत्याही ताळेबंदात लिहिलेले नसते. इन्फिनिऑन, मायक्रॉन आणि नंतर हायनिक्स हे नाव घेतलेली कोरियन कंपनी यांनी पैसे देण्यास नकार दिला आणि २००० च्या ऑगस्टमध्ये लढाई कोर्टात गेली.

उत्पादकांचा आक्षेप गंभीर होता. रॅमबस १९९२ पासून जेडेकची सदस्य होती आणि १९९६ मध्ये बाहेर पडली. त्या काळात तिचे प्रतिनिधी मानक ठरवण्याच्या बैठकांना बसत. तिथे कोणती वैशिष्ट्ये चर्चेत आहेत हे पाहून कंपनीने आपले प्रलंबित पेटंट अर्ज त्यानुसार बदलले आणि ही गोष्ट सहकाऱ्यांपासून लपवली, असा आरोप होता. मे २००१ मध्ये व्हर्जिनियातील न्यायाधीश रॉबर्ट पेन यांनी इन्फिनिऑनविरुद्धचे पेटंटभंगाचे दावे फेटाळले आणि ज्युरीने रॅमबसलाच फसवणुकीसाठी दोषी ठरवले. जानेवारी २००३ मध्ये अपील न्यायालयाने हा निकाल फिरवला. जेडेकचे माहिती उघड करण्याचे नियम इतके मोघम होते की त्यांचा भंग झाल्याचे सिद्ध होत नाही, असे बहुमताचे मत पडले.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनसमोरचा प्रवास याहून वाकडा होता. जून २००२ मध्ये कमिशनने रॅमबसवर मक्तेदारीचा आरोप ठेवला. फेब्रुवारी २००४ मध्ये त्यांच्याच प्रशासकीय न्यायाधीशाने तो फेटाळला. २००६ मध्ये कमिशनने त्या न्यायाधीशाचा निर्णय रद्द करून रॅमबसला दोषी ठरवले. एप्रिल २००८ मध्ये अपील न्यायालयाने कमिशनचा निर्णय रद्द केला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. एकाच वस्तुस्थितीवर सात वर्षांत उलटसुलट निकाल लागत गेले. रॅमबसने १९९० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर कागदपत्रे नष्ट केली होती, तो मुद्दाही पुढे आला. डेलावेअरच्या न्यायालयाने २००९ मध्ये मायक्रॉनच्या बाजूने निर्णय देताना त्यावर बोट ठेवले.

इकडे बाजारातला निकाल कधीच लागून गेला होता. नोव्हेंबर २००० मध्ये आलेला पेंटियम ४ सुरुवातीला फक्त रॅमबस मेमरीवरच चालत असे. इथे तिचा वेग खरोखर उपयोगी पडत होता, कारण प्रोसेसरची वाट सेकंदाला ३२० कोटी बाइटची होती आणि रॅमबसच्या दोन वाहिन्या मिळून नेमके तेवढेच देत. पण किंमत आड आली. त्याआधीच्या महिन्यातच इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी फायनान्शियल टाइम्सशी बोलताना, आपल्या संगणकाचा वेग ज्यावर अवलंबून आहे त्या तंत्रासाठी त्रयस्थ कंपनीवर विसंबणे ही चूक होती, अशा अर्थाची कबुली दिली होती. २००१ मध्ये इंटेलने पेंटियम ४ ला साध्या एसडीरॅमचा आणि २००२ च्या सुरुवातीला डीडीआरचा आधार दिला. २००३ मध्ये दोन वाहिन्यांचे डीडीआर आले. त्याने सेकंदाला ६४० कोटी बाइटचा पल्ला गाठला आणि घरगुती संगणकातून रॅमबस मेमरी हद्दपार झाली. शेअर त्याआधीच, २००२ मध्ये, पाच डॉलरच्या खाली आला होता. २००० च्या उन्हाळ्यात शंभर डॉलरला तो घेणाऱ्याचे वीस हिश्शांतले एकोणीस हिस्से गेले.

डीडीआर जिंकले म्हणून ते बनवणाऱ्या कंपन्यांच्या शेअरधारकांचे भले झाले असेल, असे सहज वाटते. तसे झाले नाही. खुले मानक म्हणजे सगळ्यांना सारखाच माल बनवण्याची मुभा, आणि सारखा माल म्हणजे भावयुद्ध. २००१ मध्ये संगणकांची मागणी घटली तेव्हा डीरॅमची जागतिक उलाढाल एका वर्षात निम्म्याहून अधिक घसरली. हायनिक्सला बँकांनी सावरून धरले. तोशिबाने वर्षअखेरीस साध्या डीरॅमचा धंदा सोडून व्हर्जिनियातील कारखाना मायक्रॉनला विकला. खुद्द मायक्रॉनचा शेअर २००० च्या मध्याला ९० डॉलरच्या पुढे होता, तो २००३ च्या सुरुवातीला १० डॉलरच्या खाली गेला. इन्फिनिऑनने मेमरीचा विभाग २००६ मध्ये किमोंडा या नावाने वेगळा काढला आणि जानेवारी २००९ मध्ये किमोंडाने दिवाळखोरी जाहीर केली. जपानची एल्पिडा २०१२ मध्ये त्याच वाटेने गेली आणि पुढच्या वर्षी मायक्रॉनने ती विकत घेतली. मानकाच्या विजयाचा मोठा फायदा स्वस्त संगणक घेणाऱ्या ग्राहकाच्या पदरात पडला. तो योग्यच होता, पण शेअरबाजाराने मांडलेल्या हिशेबात तो ग्राहक नव्हता.

उत्पादकांची बाजूही सगळी स्वच्छ नव्हती. १९९९ ते २००२ या काळात संगनमताने भाव ठरवल्याबद्दल अमेरिकेच्या न्याय खात्याने त्यांच्यावर कारवाई केली. इन्फिनिऑनने २००४ मध्ये १६ कोटी डॉलर, हायनिक्सने २००५ मध्ये साडेअठरा कोटी आणि सॅमसंगने त्याच वर्षी ३० कोटी डॉलर दंड कबूल केला. मायक्रॉनने तपासाला सहकार्य केल्याने ती दंडातून सुटली. हाच धागा पकडून रॅमबसने सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मायक्रॉन आणि हायनिक्सवर दावा लावला. आपली मेमरी महाग राहावी आणि बाजारातून बाहेर पडावी यासाठी उत्पादकांनी कट केला, असे तिचे म्हणणे होते, आणि मागणी ३९५ कोटी डॉलरची होती. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार ही रक्कम तिप्पट होऊ शकली असती. १६ नोव्हेंबर २०११ रोजी ज्युरीने दावा फेटाळला. त्या एका दिवसात शेअरचा ६० टक्क्यांच्या आसपास भाव गेला. कंपनीचे अभियंते, परवाने, चालू करार यांत त्या दिवशी काहीच बदलले नव्हते.

पैसे अखेर मिळाले, पण तडजोडीने, हप्त्याहप्त्याने आणि स्वप्नापेक्षा फार कमी. २००६ मध्ये ज्युरीने हायनिक्सविरुद्ध ३० कोटी ६९ लाख डॉलर मंजूर केले होते, न्यायाधीशांनी ती रक्कम निम्म्याहून खाली आणली. जानेवारी २०१० मध्ये सॅमसंगने शेअरमधील २० कोटींची गुंतवणूक धरून ९० कोटी डॉलरचा समझोता केला. १९९० च्या अर्जावर आधारलेली मूळ पेटंटे त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुदत संपून निकाली निघाली. २०१३ मध्ये, तोपर्यंत एसके हायनिक्स झालेल्या हायनिक्सने पाच वर्षांत २४ कोटी आणि मायक्रॉनने सात वर्षांत २८ कोटी डॉलरपर्यंत देण्याचे मान्य केले आणि तेरा वर्षांची कोर्टबाजी थांबली.

मेमरीतल्या चढाओढी त्यानंतरही चालू राहिल्या. इंटेल आणि मायक्रॉन यांनी जुलै २०१५ मध्ये थ्रीडी क्रॉसपॉइंट हे नवे तंत्र जाहीर केले. वीज गेली तरी माहिती टिकवणारी आणि फ्लॅशपेक्षा कितीतरी वेगवान अशी ही मेमरी ऑप्टेन या नावाने विकली गेली. बनवणारे दोघेच असल्याने तिची किंमत उतरली नाही, आणि जुलै २०२२ मध्ये इंटेलने ५५ कोटी ९० लाख डॉलरचा साठा निर्लेखित करून तो धंदा बंद करायला घेतला. चिपा एकावर एक रचण्याच्या शर्यतीत मायक्रॉनची हायब्रिड मेमरी क्यूब ही रचना २०११ मध्ये आधी पुढे आली होती. एसके हायनिक्सची एचबीएम ही तशीच रचना २०१३ मध्ये आली, तिला जेडेकचे मानक लाभले आणि २०१८ मध्ये मायक्रॉनने स्वतःची रचना सोडून तीच बाजू धरली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत एचबीएमची मागणी इतकी वाढली की २००१ मध्ये बँकांच्या आधारावर तगलेल्या त्याच कंपनीने २०२५ च्या पहिल्या तिमाहीत डीरॅमच्या महसुलात सॅमसंगला मागे टाकले. रॅमबस आजही आहे. ती परवान्यांबरोबर आता स्वतःच्या चिपाही विकते, आणि त्यांतल्या महत्त्वाच्या चिपा सर्व्हरमधल्या डीडीआर ५ मेमरीच्या पट्ट्यांवर बसतात.